दारातला फोटो आणि मीटरचा आकडा

मीटरकाकांनी जन्मात घातलेला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे जुना कॉम्प्युटर बंद पडायच्या आत त्यातले चार हजार फोटो स्वतःच्या हातांनी नव्यात आणले. कसे आणले ते देव जाणे, पण सगळ्यांवर एकच तारीख पडली. मुलाचे दुधाचे दात पडलेत, मुलगा नोकरीला निघालाय, काकूंचे केस काळे, काकूंचे केस पांढरे, सगळं म्हणे एकाच मंगळवारी! आहे की नाही कमाल?

"बाबा, राहू द्या ना तसेच," परगावाहून मुलगा फोनवर म्हणाला. "कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे," म्हणत काकांनी फोन ठेवून दिला.

खरं सांगायचं तर चार हजारांतला त्यांना एकच हवा होता. काकूंचा एक हट्ट असे. घरातून कुणीही बाहेर निघालं की त्याला दारात उभं करून फोटो काढायचा. फोटो काढलेलं माणूस परत येतंच, असं त्या म्हणायच्या. काका हसायचे, पण काढायचे. गेल्या वर्षी एकोणीस तारखेला काकू हॉस्पिटलात निघाल्या, तेव्हा मात्र तिच्या रिपोर्टांची पिवळी फाइल सापडेना म्हणून काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. फोटो काढला की नाही, ते काही केल्या आठवेना. काकू परत आल्या नाहीत. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: आपण विसरलो, म्हणून ती आली नाही.

आता तारीख नाही तर शोधणार कसं? पण पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस तो. घरचा मीटर दाराच्या चौकटीला लागूनच, त्यामुळे दारातल्या फोटोत तो यायचाच. शिवाय दर पहिल्या तारखेला घरच्या मीटरचा आकडा वहीत टिपायची खोड काही गेली नव्हती. फोटोतला आकडा बघायचा, वहीशी ताडायचा, महिना हाती! बोलायला घरात कुणी नाही, मग काका फोटोंशीच भांडत बसत.

"अगं, जरा सरक की बाजूला! शेवटचा आकडा झाकलास."

दीड महिना गेला. हवा तो फोटो कुठे दिसेना. काही फोटो काकांनी मीटर न बघताच लावून टाकले होते. त्यातच एक होता: निळा स्वेटर, खांद्याला वाचनालयाची पिशवी, काकू तोंडावर हात धरून हसतायत. ही तब्येत बरी असतानाची, वाचनालयात निघालेली, यात काय बघायचं? तरी एका दुपारी, दुसरं काही उरलं नाही म्हणून, काकांनी तो मोठा केला. एकवीस हजार तीनशे चौऱ्याण्णव.

वहीत गेल्या वर्षी काकू हॉस्पिटलात गेल्या त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला एकवीस हजार तीनशे चाळीस. मधे चोपन्न युनिट. दोघांच्या घरात दिवसाला तीन. अठरा दिवस झाले. एकोणीस तारीख. त्या महिन्यात काकू अंथरुणातून उठून बाहेर पडल्या त्या एकदाच.

काकांनी पिशवी मोठी करून पाहिली. फाइलचं पिवळं टोक बाहेर आलेलं. जिच्यासाठी ते घरभर ओरडत होते ती काकूंच्या खांद्यालाच, आणि बाई त्यालाच हसत होती!

"म्हणजे काढला होता," काका मोठ्याने म्हणाले.

हायसं वाटायला हवं होतं. पण कसलं काय! वर्षभर तो दोष तरी सोबतीला होता. आता तोही उठून गेला. फोटो काढूनही माणूस येत नाही, एवढंच हाती लागलं.

फोटो छापून आणायला ते निघाले. चपला घातल्या आणि सवयीने दारात, मीटरशेजारी, ताठ उभे राहिले. समोर कुणी नव्हतं. त्यांनी मान वळवून आकडा वाचला. पहिल्या तारखेपासून अठरा दिवसांत जेमतेम वीस युनिट.

मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.