निंबाची ढोली

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांतली गोष्ट. मी कापसाच्या गाडीवर बसून अकोल्याहून अमरावतीला निघालो होतो. गाडीवान अनोळखी होता, माझ्यापेक्षा बैलांशीच जास्त बोलणारा. एका निंबापाशी त्याने अचानक गाडी थांबवली. खोडातल्या ढोलीसाठी राघूंची एक जोडी साळुंक्यांच्या जोडीशी झुंजत होती. पिसं उडत होती.

मागचे गाडीवाले ओरडले, "काहून थांबला बे?"

"बजार उद्याही भरते," वळून न पाहता तो म्हणाला. "हे आजच होऊन राहिलं."

तेवढ्यात एक घोरपड सरसर ढोलीकडे चढू लागली. त्याने माझा हात घट्ट धरला. एकमेकांच्या जिवावर उठलेले ते चारही पक्षी एकदम तिच्यावर तुटून पडले. डोळ्यांवर चोची बसल्या तशी ती धपकन खाली पडली आणि गवतात पळाली. मागचे गाडीवालेही उतरून बघायला आले होते.

मग राघू-साळुंक्यांचं भांडण पुन्हा जुंपलं. शेवटी राघूची मादी ढोलीत शिरली आणि तिने लाल चोच बाहेर काढली.

गाडीवानाने कासरा उचलला आणि बैलांना हाकारण्याऐवजी झालेली सगळी झुंज तो त्यांना सांगू लागला.