बखील आणि शहीह

शेजारची सून कुंपणावरून कुणाला तरी ओंजळभर कढीपत्ता देत होती. झाड तिचं, हात तिचा. तरी माझ्या मनात आलं, एवढा कशाला?

लगेच मस्कतहून परतलेले आमचे जुने शेजारी बशीरभाई आठवले. "लोक मला बखील म्हणतात," असं मी त्यांना एकदा हसत सांगितलं होतं.

"छे हो भाऊ," ते म्हणाले, "बखील आपलं देत नाही. दुसऱ्यानं दिलेलंही ज्याला सलतं, त्याला अरबीत शहीह म्हणतात."

चहा घेऊन आलेली माझी बायको सुमती खाली मान घालून आत गेली. माहेरचे आंबेसुद्धा ती माझ्या चोरून वाटायची.

ती वारली तेव्हा गल्लीतल्या बायका तिनं काय काय दिलं ते आठवून रडत होत्या. तिला अंगणात ठेवलेलं असतानाही मला ते सललं.