पाहुणीला काही विचारायचं नाही

आमच्या गावात धानाच्या जुन्या वाणांचं बियाणं जपणारी शेतकऱ्यांची एक लहानशी संस्था आहे. तिचे सचिव आमच्या मागच्या गल्लीत राहतात. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं. डिसेंबर लागायच्या सुमारास ते एका सकाळी घरी आले आणि चहाला नाही म्हणाले. भाऊंनी चहा नाकारला म्हणजे काम मोठं आहे, हे मी ओळखलं.

"मॅडम, विदेशी पाहुणी येऊन राह्यली आपलं धान पाहाले. चार दिवस. तुमच्याकडे ठेवा लागते."

"माझ्याकडेच काऊन, भाऊ?"

"गावात इंग्रजी दुसऱ्या कोणाले येते मंग?"

मी आरमोरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणजे कर्तरी प्रयोगाचा कर्मणी कसा करायचा, ते शिकवते. इंग्रजीत कोणाला जेवायला वाढलंय, कोणाची थट्टा केलीय, असं काही आयुष्यात घडलेलं नव्हतं. पण हे भाऊंना सांगणार कसं? मी हो म्हटलं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. नवरा सिरोंच्याला नोकरीला असतो, जमेल तेव्हा येतो. भाऊंनी दुपारी मोबाईलवर काही पानं पाठवली. पाहुणीला निघताना तिच्या ऑफिसनं दिलेली, आणि आपल्यालाही तयारी करता यावी म्हणून तिचा दौरा ठरवणाऱ्या नागपूरच्या ऑफिसातून आलेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: उष्ण कटिबंधातल्या विकसनशील देशात जाणाऱ्यांसाठी माहिती. सासूबाई अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून एकेक ओळ त्यांना मराठीत सांगायला लागले.

"नळाचं पाणी पिऊ नये. दातसुद्धा बाटलीच्या पाण्यानं घासावे."

"आन् आंघोळ?"

"आंघोळीचं काही लिहिलं नाही."

"तोंड दाबून करत असन बिचारी."

"मोकाट कुत्र्यांना हात लावू नये."

"आपले कुत्रे कोणाले हात लावू देतेत?"

"रस्त्यावर गाडी कोणत्याही बाजूनं येऊ शकते."

"हे मात्र खरं लिवलं."

"जेवताना फार आग्रह होईल, नम्रपणे नकार द्यावा. यजमान वय, लग्न, मुलंबाळं, पगार असे खाजगी प्रश्न विचारतील. रागावू नये, हसून विषय बदलावा."

सुपाचा आवाज थांबला. "हे आपल्यावर लिवलं काय कोणी?"

"सगळ्यांवरच आहे, आई."

"मंग पाहुण्याले इचारायचं काय? वय नाई, नवरा नाई, लेकरं नाई. बसली हायेस का उभी हायेस, एवढंच?"

तेही नको, असं मी ठरवून टाकलं. आपल्या गावाची अब्रू आपल्या हातात होती. पाहुणीला काही विचारायचं नाही, ताटात दुसऱ्यांदा वाढायचं नाही, असा मी घरात नियम केला. सासूबाईंनी तो ऐकून घेतला. मान हलवली नाही.

मग तयारी सुरू झाली. वडशाचा बाजार गाठून मी बाटलीबंद पाण्याचे खोके, ब्रेड, जाम, बिस्किटं आणि एक नवी पातळ पांढरी चादर आणली. घरातल्या गोधड्या जुन्या लुगड्यांच्या, ठिगळं लावलेल्या. त्या मी पेटीत दडवल्या. खोली हवेशीर असावी, असं पानांत होतं, म्हणून पाहुणीच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडून ठेवल्या. विदेशी माणसाला खाली बसता येत नाही, म्हणून शेजारच्यांकडून एक खुर्ची आणली. त्यांच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घेतलेली, बैठकीत भोक आणि वर झाकण असलेली. ती न्हाणीशेजारी ठेवली.

पाहुणीची जीप आली तेव्हा निम्मं गाव दारात होतं. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एक गोरी, उंच, टोपीवाली बाई तयार करून ठेवली होती. जीपमधून उतरली ती टांझानियाची, काळीसावळी, अंगानं भरलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई. उतरताच तिनं असं मोकळं हसून पाहिलं की हार घेऊन उभे असलेले भाऊ हार विसरून हसत राहिले. ती तिकडच्या समुद्रकाठच्या भागातली शेतीखात्यातली अधिकारी होती आणि सगळी नोकरी तिनं भातशेतीतच घालवली होती.

"मले वाटलं कोणी गोरी येईन," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "हे त माह्या भिवापूरच्या मावशीवानी दिसते."

पाहुणी सरळ त्यांच्यापुढे आली, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि वाकून म्हणाली, "मामा!"

सासूबाईंनी हात सोडवून घेतला. "मी मामा? माह्या मिशा दिसून राह्यल्या काय हिले?"

तिच्या भाषेत मामा म्हणजे आई, मोठ्या बाईला मानानं असंच म्हणतात, हे तिनं मला आणि मी त्यांना सांगितलं. सासूबाईंना ते पटलं नाही. पण पाहुणीला काही बोलायचं नाही, हा नियम असल्यामुळे त्या मामा होऊन राहिल्या.

पहिले दोन दिवस आमच्या घरात जी शांतता होती, ती बारावीच्या परीक्षेच्या हॉलमध्येही नसते. पाहुणी टेबलाशी बसून ब्रेडला जाम लावून खायची. आम्ही स्वयंपाकघरात भात आणि वांग्याची भाजी खायचो. ती दाराकडे बघायची. सासूबाई दारातून तिच्याकडे बघायच्या. तिचा ब्रेड संपला की त्यांचा हात वाढायला उठायचा आणि मी डोळे वटारले की परत मांडीवर जायचा. त्यांना एवढं गप्प मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्या खुर्चीचं वेगळंच झालं. पाहुणीला तिचा उपयोग कळलाच नाही. न्हाणीजवळ अडचण होते म्हणून तिनं ती उचलून ओसरीवर आणून ठेवली. संध्याकाळी भाऊ विचारपूस करायला आले ते थेट तिच्यावर बसले. चांगली ऐसपैस आहे म्हणाले. चहा पिऊन होईपर्यंत बसले. सासूबाई आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी पाहुणीनं मला हळूच विचारलं, "मी आले म्हणून मामा रागावल्या आहेत का?"

"नाही! का बरं?"

"आमच्याकडे पाहुण्याला कोणी काही विचारलं नाही, तर त्यानं उठून जावं असा अर्थ होतो."

मी आणखी एक बिस्किटाचा पुडा आणून तिच्यापुढे ठेवला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या खोलीतून हाक आली. गेले तर ती मच्छरदाणीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिचे दात वाजत होते.

"मलेरिया," ती म्हणाली. "मला पुष्कळदा झालाय. असाच थरकाप होतो."

एवढे खोके पाणी, एवढा जाम, आणि शेवटी मलेरियाच! भाऊंची जीप मागवून तिला आरमोरीच्या दवाखान्यात नेलं. भाऊ वाटभर "आता नागपूरले काय सांगू" एवढंच म्हणत होते. डॉक्टरांनी ताप बघितला, बोट टोचून रक्त तपासलं. नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी मला विचारलं, "रात्री अंगावर काय होतं यांच्या?"

"चादर. नवीन."

"आणि खिडक्या?"

"उघड्या. हवेशीर."

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. यांना थंडी वाजतेय."

मी पाहुणीकडे वळले. थंडी वाजते याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते ऐन वेळी आठवेना. घंटा वाजते तशी थंडी वाजते, असंच काहीतरी तोंडातून गेलं असावं, कारण ती दचकून इकडेतिकडे बघायला लागली. शेवटी डॉक्टरांनीच तिला सांगितलं. ती अशी हसली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले.

परत येताना तिनं सगळं सांगितलं. त्या पानांत लिहिलं होतं, हलके सैल सुती कपडे पुरेत. जवळचं मोठं शहर म्हणून तिनं इंटरनेटवर चंद्रपूरही शोधलं होतं. तिथे सगळ्या बातम्या उन्हाळ्याच्या, देशातलं सगळ्यात तापलेलं शहर वगैरे. तिच्या गावी बारा महिने अंगाला घाम. गार पाण्यानं आंघोळ करताना अंग शहारतं, तेवढीच थंडी तिला ठाऊक. हवेनं माणूस असा कापू शकतो हे तिला माहीतच नव्हतं.

"तुम्ही त्या पानांवर एवढा विश्वास कसा ठेवला?" मी विचारलं.

"ठेवणारच. आमच्याकडे युरोपातून कोणी आलं की अशीच पानं आमचं ऑफिस त्यांना वाटतं. मीच वाटते. फक्त देशाचं नाव वेगळं. पाणी, कुत्रे, मच्छर, खाजगी प्रश्न, सगळं तेच." मग ती म्हणाली, "पण प्रश्नांचं वाचून मी खूश झाले होते. म्हटलं, चला, आपल्यासारखीच माणसं आहेत. आणि तुम्ही तर काहीच विचारत नाही!"

घरी पोचल्यावर मी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. पेटी उघडून सगळ्यात जाड गोधडी काढली आणि पाहुणीला तीत गुंडाळून चुलीजवळ बसवलं. सासऱ्यांची जुनी माकडटोपी तिच्या डोक्यात घालून हनुवटीखाली नीट ओढली. मग समोर बसकण मारली.

"इचार तिले. लेकरं किती?"

"पाच."

"नवरा काय करते?"

"वारला," पाहुणी म्हणाली, आणि मी सांगण्याआधीच सासूबाईंना तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"माहाही," त्या म्हणाल्या. मग सासूबाईंनी एक लाकूड आत सरकवलं. "बरं, पगार किती हाय म्हणा?"

तिनं पगार सांगितला आणि माझा विचारला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तो बोटांनी सांगून टाकला. वय झालं, जावई झाले, थोरल्या सुनेशी पटतं की नाही हेही झालं. पटत नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून एक दीर्घ श्वास सोडला. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

त्या दिवशी ब्रेड म्हशीला गेला. पाहुणीनं सुके झिंगे घातलेली वांग्याची भाजी भातात कालवली, वास घेतला आणि डोळे मिटले. तिकडेही असेच सुके मासे भाजीत घालतात म्हणे. सासूबाई तिसऱ्यांदा वाढत होत्या आणि ती नम्रपणे नकार वगैरे काही देत नव्हती. चहा आला तेव्हा ती "चाय" म्हणाली. तिच्या भाषेत चहाला चायच म्हणतात. चपातीला चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी, रंगाला रंगी. असा एकेक शब्द निघत गेला आणि सासूबाई माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या.

"हिले मराठी येते," त्या म्हणाल्या. "लाजून राह्यली होती फक्त."

शेवटच्या दिवशी ती माकडटोपी घालून शेतावर आली. धान कापून पेंढ्यांचे ढीग, पुंजणे, रचलेले होते, एका बाजूला मळणी चालली होती. ती लोंब्या तळहातावर चोळून दाणे दाताखाली धरून बघायची आणि भाऊंना वाणाचं नाव विचारायची. पण बायकांना वाणात रस नव्हता. त्यांनी तिला घेरलं आणि पाच पोरांपासून पुन्हा सुरुवात झाली. तिनं सगळी उत्तरं दिली आणि तेच प्रश्न एकेकीला उलट विचारले. दोन्हीकडून भाषांतर करून करून दुपारपर्यंत माझा घसा बसला. मग माझ्या लक्षात आलं की मी गप्प आहे आणि बोलणं चालूच आहे.

संध्याकाळी भाऊंनी समाजमंदिरात शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. आमच्याकडे सत्काराची शाल घडी करून मांडीवर ठेवायची आणि घरी जाऊन कपाटात टाकायची असते. तिनं ती तिथल्या तिथे उलगडली, डोक्यावरून घेतली आणि गळ्याशी आवळून बसली. सगळं समाजमंदिर टाळ्या वाजवायला लागलं. या शालीनं कोणाला ऊब मिळाल्याचं भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असावं. त्यांनी भाषण अर्धवट सोडलं आणि दुसरी शाल आणायला पाठवलं.

ती गेली त्याला आता बरेच महिने झाले. पावसाळ्यात एका रविवारी माझा मोबाईल वाजला, व्हिडिओवर ती होती. मी कणिक मळत होते, म्हणून फोन सासूबाईंनी घेतला. ती शेतात उभी होती. तिनं मोबाईल फिरवून आपलं भात दाखवलं. आमच्याकडे त्याच आठवड्यात रोवणी आटोपली होती. सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"अवो, लय दाट रोवलं तुमी!" त्या ओरडल्या. "दाट! इतकं दाट कोणी रोवते काय?"

तिकडून ती तिच्या भाषेत तेवढ्याच जोरात काहीतरी म्हणाली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि मोबाईल घेऊन अंगणापलीकडच्या आमच्या बांधावर गेल्या. आपलं रोवण दाखवायला.