अशर, बाल्कनी आणि आहेर

आमच्या अंबाजोगाईत इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास आता इतके झालेत, की उद्या मराठी बोलायला शिकवणारा क्लास काढला तर तोही चालेल. त्यातल्याच एका क्लासात मी व्याकरण शिकवतो. शाळेतून निवृत्त झालो, घरात बसलो की छबुबाई, म्हणजे आमची मंडळी, दळण आणायला पाठवते, म्हणून इथं येतो. माझं नाव राधाकिशन. माझ्याबद्दल एवढं पुरे, सांगायचं आहे ते योगिताबद्दल.

योगिता देवकते आमच्या क्लासच्या काउंटरवर बसायची. फोन घ्यायचा, प्रवेश करून घ्यायचे, फळा पुसायचा आणि एखाद्या मास्तरला उशीर झाला तर पोरं सांभाळायची. घाटनांदूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरची ही पोर. बाप सिदू मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, कुणाकुणाच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवत फिरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पण आई साखराबाईनं हट्ट धरला आणि पोरीला वसतिगृहात घातलं. तिथून ती बी.ए.पर्यंत आली. इंग्रजी मात्र तिनं मोबाइलवर ऐकून ऐकून उचललं, आणि सुट्टीत कळपामागं गेली की मेंढ्यांशी ते बोलायची. ती म्हणते, मेंढ्यांनी कधी व्याकरणाची चूक काढली नाही. हे ती माझ्याकडे बघून म्हणते.

संध्याकाळच्या बॅचचे मास्तर पुण्याला निघून गेले, तेव्हा योगिता सरळ मालकांपुढं जाऊन उभी राहिली. मालक म्हणजे सुंदरराव, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जमीनजुमला भरपूर, राजकारणात ऊठबस, आणि एक क्लास असावा म्हणून हा क्लास.

"अण्णा, संध्याकाळची बॅच मला द्या."

"तुला?" अण्णांनी वर पाहिलं. "मग काउंटर कोण बघंल? आन्‌ लोक पुण्याचा मास्तर मागतेत, बाई."

"एकदा शिकवून तर बघू द्या."

अण्णा माणूस वाईट नाही. पण कुणाला तोंडावर नाही म्हणायची सवय नसल्यानं ते 'बघू' म्हणतात, आणि त्यांच्या 'बघू'वर तालुक्यातली किती माणसं म्हातारी झाली असतील, देव जाणे. या खेपेला मात्र ते एक पायरी पुढं गेले. रविवारी नवीन लोकांसाठी फुकट डेमो होता, तो योगितानं घ्यायचा. लोक बोलते झाले तर बघू, नाहीतर पुण्याहून माणूस येणारच होता.

पुस्तकातला पुढचा धडा निघाला नाटकाला जाण्याचा. मी तो वाचला आणि माझं डोकं फिरलं. फॉयर म्हणजे नाट्यगृहाचं दालन, क्लोकरूम म्हणजे कोट ठेवायची खोली, अशर म्हणजे खुर्ची दाखवणारा माणूस, आणि शेवटी कर्टन कॉल, म्हणजे खेळ संपल्यावर नटांनी पडद्यापुढं येऊन वाकायचं. अहो, आमच्याकडे वैशाखात लोकांच्या अंगावर बनियन राहत नाही, कोट कुठून ठेवायचा? मी योगिताला म्हटलं, हा धडा सोड, बाजारहाटाचा घे.

ती म्हणाली, "न्हाई सर, पुढचा धडा हाच हाय. सोपा बघून घेतला म्हणतील. तुमी गेलतात का कधी नाट्यगृहात?"

एकदा गेलो होतो, संभाजीनगरला. खुर्ची मऊ होती आणि मला छान झोप लागली, एवढंच आठवत होतं. योगितानं तर नाट्यगृह बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं. तिनं पाहिलेलं नाटक म्हणजे गावच्या जत्रेतलं. चार खांबांचा मंडप, घरून आणलेलं पोतं अंथरून बसायचं, आणि एखादा प्रवेश रंगला की प्रेक्षकातला कुणीतरी उठून थेट स्टेजवर चढायचा. नटाला टोपी, टॉवेल, नारळ द्यायचा. नाटक तिथल्या तिथं थांबायचं. राजा फाशीची शिक्षा सुनावता सुनावता हात जोडायचा, आहेर देणाऱ्याचं नाव-गाव माइकवर पुकारायचा आणि मग पुन्हा फाशी सुनावायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट चांगल्या कामाला आहेर करायला कुणी उठलं नाही, तर गावाची नाचक्की.

रविवारी योगितानं वर्गाचं पार रूपच पालटलं. अर्धी बाकं भिंतीला लावून त्यांची बाल्कनी केली, पुढची ते स्टॉल्स, म्हणजे स्टेजपुढच्या खुर्च्या. खिडकीचा पडदा काढून फळ्यापुढं दोरीवर टांगला. रुग्णवाहिका चालवणारा हनुमान आमचा जुना विद्यार्थी, तो मोबाइलचा उजेड पाडत अशर झाला. दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या विमलबाई उशिरा आलेल्या प्रेक्षक झाल्या. या बाई गेल्या वर्षापासून क्लासला येतात आणि 'येस सर'च्या पुढं गेलेल्या नाहीत. नवीन माणसं बरीच आली होती, म्हणजे पोरांना घेऊन आलेले आईबाप, दुकानदार, दोन-चार शेतकरी. अण्णा पहिल्या रांगेत. सगळे गुळाचे गणपती होऊन बसलेले.

सुरुवात बरी झाली. हनुमाननं "युवर तिकिट, प्लीज" म्हणून हात पुढं केला, विमलबाईंनी "येस सर" म्हणून पुस्तकाचं पान दिलं, लोक हसले. योगितानं बाल्कनी, रो, इंटरव्हल, एकेक शब्द बाकांकडे बोट दाखवत सांगितला. पण तिनं नवीन माणसांपैकी कुणाला विचारलं, "व्हेअर इज युवर सीट?", की तो माणूस शेजाऱ्याकडे बघायचा आणि शेजारी छताकडे. एकही माणूस तोंड उघडेना. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. मला तिची फार काळजी वाटायला लागली.

तेवढ्यात मागचं दार ढकलून एक फेटेवाला म्हातारा आत आला आणि बाल्कनीत टेकला. हातात पिशवी. योगिताच्या चेहऱ्यावरून मला कळलं, हा सिदू. तिनं त्याला बोलावलेलं नव्हतं, पोरीचा काहीतरी कार्यक्रम आहे हे साखराबाईकडून कळल्यावर कळप भावकीवर सोपवून तो एस.टी.नं आला होता.

आता नाट्यगृह म्हटल्यावर स्टेजवर काहीतरी व्हायला हवं. कुणी तयार नव्हतं म्हणून योगितानंच एकटीनं करायचा छोटा प्रवेश बसवला होता. पडदा सरकला. मेंढ्या राखणारी एक म्हातारी, तिचं कोकरू हरवलंय आणि अंधार पडत चाललाय. "व्हेअर आर यू, माय लिटल वन?" म्हणत ती फळ्यापुढं इकडून तिकडं फिरू लागली. वाक्यं साधीच होती. पण मधेच थांबून तिनं कोकराला साद घातली. ती साद काही इंग्रजी नव्हती, मराठीही नव्हती. जीभ टाळूला लावून काढलेला तो लांबलचक आवाज मी आमच्या शिवारात कितीदा ऐकला असेल. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

आणि सिदू उठला.

बाकांमधून वाट काढत तो थेट पडद्यापाशी गेला. पिशवीतून नारळ काढला, नवाकोरा टॉवेल काढला आणि कोकरू शोधणाऱ्या म्हातारीच्या हातात ठेवला. मग रीतीप्रमाणं लोकांकडे तोंड करून उभा राहिला. पुकारा होईना, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "नाव पुकार की माय. कावून थांबलीस?"

अण्णांच्या कपाळावर आठी उमटली. हनुमान अशर या नात्यानं सिदूला जागेवर नेऊन बसवायला निघाला, कारण पुस्तकात तसंच लिहिलंय, प्रयोग चालू असताना उठू नये. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, गेली बॅच.

योगितानं हनुमानला हातानं थांबवलं. नारळ कपाळाला लावला, बापाच्या पाया पडली आणि ताठ उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "लेडीज अँड जंटलमेन! मिस्टर सिदू देवकते, शेफर्ड. ही इज माय फादर. ही लाइक्स अवर प्ले, अँड ही गिव्ह्ज अ कोकोनट अँड अ टॉवेल. थँक यू, सर."

सिदूला आपलं नाव कळलं, बाकीचं कळायची त्याला गरज नव्हती. त्यानं समाधानानं फेट्याला हात लावला.

मग ती लोकांकडे वळली. "आजून कुणाला आहेर करायचाय का? करा. पण हे इंग्रजी नाट्यगृह हाय. इथं ज्यानं त्यानं आपलं नाव आपणच पुकारायचं, आन्‌ ते इंग्रजीतच."

सगळ्यात आधी कोण उठावं? विमलबाई. केसातलं गुलाबाचं फूल काढत त्या पुढं आल्या. "माय नेम इज विमल," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "आय वर्क इन हॉस्पिटल. आय गिव्ह वन फ्लॉवर." एवढं बोलून त्या स्वतःच दचकल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

मग काय विचारता. एक दुकानदार पेन घेऊन उठला, एक शेतकरी पिशवीतले पेरू घेऊन. "माय नेम इज आसाराम. आय एम फार्मर. आय गिव्ह टू पेरू." पेरूचं इंग्रजी बाल्कनीतून कुणीतरी ओरडून पुरवलं. एका आईनं पोराला पुढं ढकललं तर पोरगं म्हणालं, तू पण बोल, आणि ती बोलली. चुका म्हणाल तर रास पडली होती. व्याकरणाचा मास्तर असूनही मी एकही उचलली नाही. उलट माझा चष्मा पुसायचा रुमाल आहेर करून आलो.

आता राहिले अण्णा. गावच्या नाटकात पुढाऱ्याचा आहेर सगळ्यांच्या शेवटी होतो आणि सगळ्यांपेक्षा भारी असावा लागतो. पेरूवाल्यापेक्षा पुढारी कमी पडला, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लोक ते विसरत नाहीत. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. अण्णांनी खिसे चाचपले. उठले. घसा साफ केला. हजारोंच्या सभा गाजवलेला माणूस, पण इंग्रजी म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाला.

"माय नेम इज सुंदरराव," ते म्हणाले. मग एकदा सिदूकडे, एकदा फळ्यापुढच्या आहेराच्या ढिगाकडे आणि एकदा पोरीकडे पाहिलं. "आय गिव्ह... इव्हिनिंग बॅच."

योगिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. टाळ्यांच्या गलक्यात सिदूनं तिच्याजवळ सरकून विचारलं, "काय दिलं गं त्यानं?"

"वर्ग दिला, आबा. रोज संध्याकाळी म्या शिकवायचं."

सिदूनं अण्णांना नीट न्याहाळलं आणि मान डोलावली. "लई चांगला आहेर हाय. मंग रडतीस कावून? पुकार त्याचं नाव. पुकारल्याबिगर आहेर लागत न्हाई."

योगितानं नव्या टॉवेलनं डोळे पुसले आणि सुंदररावांचं नाव इंग्रजीत पुकारलं, एकदा स्टॉल्सकडे तोंड करून, एकदा बाल्कनीकडे.