तकीयाचे नवे पडदे

तकीयाने नवे पडदे लावले होते, आणि काही केल्या सफूराच्या डोक्यातून ते जात नव्हते.

पडदे चांगलेच होते. मोरपंखी रंगाचे, खाली सोनेरी झालर. जिना उतरताना तळमजल्यावर तकीयाच्या खिडकीत ते हलताना दिसायचे. पण जेद्दाच्या अझीझिया मोहल्ल्यातली येमेनी घरं एकामागून एक रिकामी होत होती. पिकअपवर गाद्या, फ्रीज, पाळणे दोरीने आवळून माणसं सरहद्दीकडे, जिझानच्या रस्त्याला लागत होती. अशात या बाईला पडदे कसले सुचले? बांधाबांध नाही, विकाविकी नाही. हिला कुणी सांगितलंच नाही की काय?

तसं शक्य नव्हतं. इराकने कुवेत गिळलं, येमेनच्या सरकारने सौदीची बाजू घेतली नाही, आणि सप्टेंबरात हुकूम निघाला: येमेन्यांनाही आता बाकीच्या परदेशी माणसांसारखा कफील हवा. कफील म्हणजे ज्याच्या जामिनावर इथे राहायचं तो सौदी मालक. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो मिळवा, नाहीतर सरहद्द गाठा. आजवर येमेन्यांना हे काही लागत नसे. ते इथे माहेरी आल्यासारखे येत आणि राहत.

तकीया तर पोरवयात लग्न होऊन आलेली. मूळची येमेनमधल्या तिहामाच्या किनाऱ्यावरची. जेद्दात पहिल्यांदा उतरले तेव्हा एक समुद्र तेवढा ओळखीचा वाटला, असं ती सांगायची. सफूरा हर्णैची, तिचंही तेच झालं होतं, म्हणून दोघींचं जमलं. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर सुदानी मास्तर, समोर पेशावरचा टायरवाला, गच्चीवरच्या खोलीत दोघे इरिट्रियन भाऊ. जिन्यात सलाम सगळ्यांचा एक, पुढचं बोलणं ज्याचं त्याचं. सफूरा नवी असताना टाकीतलं पाणी संपलं आणि तिला ते अरबीत सांगता येईना. रिकामी बादली हातात घेऊन ती जिन्यात उभी होती. तकीयाने बादली पाहिली, सफूराचं तोंड पाहिलं, आणि नवऱ्याला हाक मारली. मुकबिल पाण्याचा टँकर चालवायचा.

तेव्हापासून जाणं-येणं. सफूराच्या लेकीला, झोयाला, गोवर आला तेव्हा सफूरापेक्षा तकीयाच जास्त जागली. डोक्यावरचा रुमाल घसरू नये म्हणून टाचणी कुठे खोचायची, हे तिनेच शिकवलं. माशावरून मात्र भांडण ठरलेलं.

"माशात आंबट कशाला घालता? शिळा असतो का तुमचा मासा?" तकीया विचारायची.

"आणि तुम्ही भट्टीत जाळता तो? त्याने काय गुन्हा केला होता?"

तकीयाचं नाव ऐकून झोया एकदा दारातून ओरडली होती, "अम्मी, उशी आली." हिंदीत तकिया म्हणजे उशी, हे शेवटी तकीयालाही समजावून सांगावं लागलं. ती पोट धरून हसली. मग दार वाजवताना स्वतःच म्हणायला लागली, "उशी आली." तिला येणारं मराठी तेवढंच.

ऑक्टोबरात एका दुपारी ती अशीच आली, पण उशी म्हणाली नाही. भिंतीला टेकून बसली.

"हारूनच्या कफीलला ड्रायव्हर हवाय ना? बंदरातून मक्केला माल न्यायला? तूच म्हणाली होतीस."

सफूरा म्हणाली होती खरी. तिचा नवरा हारून बंदरावर माल सोडवण्याच्या कंपनीत होता, आणि जेवताना त्यानेच ते सांगितलं होतं.

"मुकबिलचं नाव त्यांच्या कानावर घाल. बाकी अल्लाची मर्जी."

सफूराला आधी कादिर आठवला. तिचा भाऊ कादिर कुवेतहून पळत, अम्मानच्या वाटेने, अंगावरच्या कपड्यांनिशी नुकताच मुंबईला पोहोचला होता. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याचं दुकान, सगळं मागे राहिलं. आपला इकामासुद्धा असाच एका माणसाच्या मर्जीवर. त्याच्यापुढे येमेन्याचं नाव काढायचं, आणि त्याचं डोकं फिरलं तर? झोयाची शाळा? घर? शिवाय आधी हारूनला विचारावं लागलं असतं. तेही तिला नको वाटलं, कारण तो हो म्हणाला असता.

ती रत्नागिरीच्या कॉलेजात बी. ए. झालेली. पण 'मला भीती वाटते, मला यात ओढू नकोस' हे म्हणायला तिच्यापाशी अरबी नव्हतं. होता तो एकच शब्द.

"खलास, तकीया," ती म्हणाली. "खलास."

म्हणजे विषय संपला, पुन्हा काढू नकोस. आणि ते फार कडू वाटू नये म्हणून तिने नुकत्याच उकडलेल्या सांदणांची ताटली तिच्या हातात ठेवली. तकीयाने ती बाजूला ठेवली. मग तिने सफूराचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला आणि ताटली उचलून गुणगुणत खाली गेली. बाई समजूतदार आहे, असं सफूराला वाटलं. हारूनला तिने काही सांगितलं नाही.

आणि आता हे पडदे.

शाळेतून आल्यावर झोयाने दप्तर टेलिफोनच्या टेबलावर फेकलं. "अम्मी, मेरा नया युनिफॉर्म तकीया खाला सीनेवाली है."

"खाला जातील आता त्यांच्या गावाला. मराठीत बोल."

"नहीं जा रहे. अब्बांनी मुकबिलचाचांचं काम केलं ना? खाला म्हणाली, तुझी अम्मी खलास बोलली."

"अगं, खलास म्हणजे मी नाही म्हणाले."

झोयाने तिच्याकडे आजीने नातवाकडे पाहावं तसं पाहिलं. "अम्मी, कामाचं विचारल्यावर खलास मतलब हो गया. पक्का. समझो. सगळे तसंच बोलतात."

सफूराने गॅसवरचं भांडं उतरवलं आणि तशीच खाली गेली.

तकीया मशीनवर होती. पायाखालचं पेडल न थांबवता म्हणाली, "आज उशीकडे आलीस तर."

"तकीया, मुकबिलने दुसरा कुणी कफील पाहिलाय का?"

"गुरुवारी आला होता की एक. ताइफचा बेकरीवाला. मुकबिलला घ्यायला तयार होता." तिने दोरा दातांनी तोडला. "मुकबिल म्हणाला, माझं झालंय. एका माणसाला दोन कफील कशाला? दुसऱ्या कुणाचं तरी भलं होऊ दे. बेकरीवाला आमच्या गावचाच एक पोरगा घेऊन गेला."

सफूरा खाली बसली.

"मुकबिल रोज विचारतो, अजून बोलावणं कसं नाही," तकीया म्हणाली. "मी म्हणते, हारूनला घाई करू नका. सफूराने खलास म्हटलंय. ती काय उगीच म्हणेल?"

सांगायचं ते आता, या घटकेला सांगायचं. सफूराने तोंड उघडलं.

"पडदे छान आहेत," ती म्हणाली.

"तुझ्यापुरतं कापड उरलंय. तुझ्या खिडकीलाही लावू."

वर येताना सफूरा जिन्यात थांबली. झोया बोलल्यापासून आपण मनात काय घोळवतोय ते तिला तिथे नीट कळलं: शब्दाचा घोटाळा झाला, भाषेमुळे झालं, यात कुणाचा दोष? हे ती हारूनला सांगणार होती, झोयाला सांगणार होती, मुकबिलचा टँकर विकला गेल्यावर स्वतःलाही सांगणार होती. पण तकीयाला तो शब्द बरोबर कळला असता तर तिला काय कळलं असतं? गोवर आलेल्या पोरीच्या उशाशी बसलेल्या बाईला आपण एका शब्दात वाटेला लावलं, आणि वर सांदणं दिली. सफूराला कठड्यावरचा स्वतःचा हातसुद्धा पाहवेना.

असरची, दिवस कलल्यावरची, बांग होऊन गेली होती. या वेळेला हारूनचा कफील ऑफिसात येऊन बसतो, मगरिबला, दिवस मावळला की उठतो. हारून घरी येईपर्यंत थांबलं तर जेवण होईल, युद्धाच्या बातम्या होतील, आणि आपण उद्यावर टाकू. स्वतःला ती ओळखून होती. ऑफिसात फोन करायचा नाही, अशी हारूनची सक्त ताकीद होती. तो चिडेल. आधी मुकबिलसाठी कफीलला आजच विचारायला सांगायचं, मग हे इतके दिवस लपवलं ते सांगायचं, आणि ड्रायव्हरची जागा भरली असेल तर आजच खाली जाऊन तकीयाच्या तोंडावर 'ला' म्हणायचं. 'नाही'ला अरबीत तेवढंच लागतं, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून येत होतं.

तिने टेबलावरचं दप्तर उचलून खाली ठेवलं.

"किसको फोन?" झोयाने विचारलं.

"अब्बांना."

"ऑफिसमध्ये? कोई मर गया क्या?"

"नाही," सफूरा म्हणाली, आणि नंबर फिरवायला घेतला.