घाम मोजणारा

बारामती स्टँडमागचा रेडिओ दुरुस्त करणारा गिऱ्हाइकाला माणूस समजतच नसे. रेडिओ उघडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ह्यो ऐकायला घेतला का बडवायला?"

जुन्या मीटरला दोन तारा जोडून त्यानं भावना मोजायचं यंत्र केलं होतं. तारा बोटांना बांधायच्या. मन हललं की हाताला घाम सुटतो आणि काटा हलतो. माझा काटा तर सासूचं नाव काढताच उडाला.

एकदा माझ्यासमोरच पिंपळीचे आबा आले. बायको जाऊन महिना झाला तरी त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. सुना कुजबुजत होत्या.

"आत काय हाय का न्हाय, बघ बाबा," आबा म्हणाले.

काटा ढिम्म. जन्मभर ऊस तोडून तळवे चपलेसारखे झालेले. घाम येणार कुठून?

"मशीन बिघडलंय. डोळं मिटा," तो खेकसला. तारा सोडून त्यानं टेबलाखाली स्वतःच्याच बोटांना गुंडाळल्या आणि आबांच्या बोटांना दुसऱ्याच सुट्या तारा बांधल्या. "आता सांगा, कारभारीण कशी व्हती?"

"भाकरी करपली की मला शिव्या द्यायची. जशी मीच थापली व्हती."

"उघडा डोळं. बघा."

काटा टोकाला जाऊन थरथरत होता. आबा ढसाढसा रडले.

तो माझ्यावर ओरडला, "तुमी काय बघताय? निघा की!"