शून्य फेऱ्यांची वस्ती

बुद्धप्रियाला नांदेडच्या एका संस्थेत नोकरी लागली तेव्हा एसक्यूएल, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींना प्रश्न विचारायची भाषा, कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. शिकवलं ते आनंदराजदादानं. तोही मुखेडकडचा, तिच्याच समाजाचा, तिच्या आईला मावशी म्हणणारा. संस्थेचा फिरता दवाखाना खेडोपाडी जायचा, आणि कुठं किती फेऱ्या झाल्या हे कॉम्प्युटरवर मोजायचं काम या दोघांचं.

गाडी थांबायची गावात, मारुतीच्या पारापाशी. ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं कुणी तिथवर पोचलं का, हे विचारतंय कोण? गावाची फेरी झाली म्हणजे वस्तीचीही झाली, असा सोयीचा हिशेब. बुद्धप्रियानं हट्ट धरला की वस्त्यांची नोंद वेगळी ठेवा. दादानं तिची बाजू उचलून धरली आणि रीतही शिकवली. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, सगळ्या वस्त्या, दुसऱ्यात गाडीच्या फेऱ्या. दोन्ही जोडायचे आणि वस्तीवार गट करून फेऱ्या मोजायच्या. साध्या जॉईननं जोडलं तर जिथं गाडी गेलीच नाही ती वस्ती उत्तरातून गायब होते. लेफ्ट जॉईन लावला तर ती राहते आणि तिच्यापुढं शून्य येतं.

"शून्य दाखवायला लाजायचं न्हाई," दादा म्हणाला होता. "शून्य गेलं की तिथली मानसं बी गेली."

आणि संस्थेचा नियमच होता की ज्यांचं शून्य, त्यांच्याकडं पुढल्या वर्षी गाडी आधी जाणार. बुद्धप्रियाच्या वस्तीचं शून्यच होतं. आई कोंडाबाईला साखरेचं दुखणं, पायाची जखम भरत नव्हती, ओढा ओलांडून पारापर्यंत जाणं तिच्या आवाक्याबाहेरचं. दादा एकदा घरी आला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि गाडी दारात आणतो असा शब्द देऊन गेला. तेव्हापासून म्हातारी निंबाखालची जागा झाडून ठेवते.

वर्षाच्या बैठकीला अध्यक्ष शेषेराव होते, देणगीदार पाहुणे होते. पडद्यावर आकडे आले. बुद्धप्रियानं आपली वस्ती शोधली, पण ती नव्हतीच. एकही शून्य नव्हतं. गाडी सगळीकडं पोचलेली, पाहुणे खूश. तिनं पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपवर हे आकडे काढणारी क्वेरी उघडली तर त्यातला लेफ्ट हा शब्द काढून टाकलेला. त्या क्वेरीला हात लावणारी माणसं दोनच. त्यातली एक ती, आणि दुसरा पाहुण्यांपुढं चहाचे कप सरकवत होता.

काही वस्त्या गळल्यात, असं म्हणून तिनं तो शब्द परत घातला. पडद्यावर शून्यांची रांग लागली. शेषेरावांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी आनंदराजकडं पाहिलं. तिला भीती वाटली नाही. दादा आहे, तो सांगेल, असंच तिला वाटलं.

दादानं घसा खाकरला.

"पोरगी नवीन आहे, साहेब. त्यात तिची स्वतःची वस्ती आहे ना, म्हणून तसं करतेय."

पाहुणे समजूतदारपणे हसले. दादानं आकडे पुन्हा पहिल्यासारखे केले आणि त्यांवरूनच नव्या वर्षाचे मार्ग ठरले. तिची वस्ती कुठल्याच मार्गावर नव्हती.

नंतर जिन्यात त्यानं तिला गाठलं. शून्यं दिसली असती तर देणगी थांबली असती, गाडीच बंद पडली असती, असं तो समजावत राहिला. असेलही खरं. शेषेरावांचा तिला राग आला नाही. त्यांच्याकडून तिनं कधी काही अपेक्षाच धरली नव्हती. पण ज्यानं शून्य जपायला शिकवलं त्यानंच चारचौघांत तिला खोटं पाडावं, हे काही केल्या तिला गिळवेना.

संध्याकाळी आईचा फोन आला. बैठक झाली का, गाडी कधी येणार, हेच विचारायला. बघून सांगते, असं बुद्धप्रिया म्हणाली.

"तुला ठावं नसंल तर आनंदराजला इचार," कोंडाबाई म्हणाली. "त्यो आपला मानूस हाय."